धूर कोणत्या विषयात येतो

गुरुजी, काल जेवताना घरात तुमचा विषय निघाला. माझ्या नातीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक नागपूरला, मेकॅनिकलचा, जसा सगळ्यांचा असतो तसा. दुसरा दूर परमुलखात, आणि तिथं म्हणे पहिली दोन वर्षं शाखाच नसते. इंजिनीयरच व्हायचं, पण गणिताबरोबर नदी शिकायची, शेत शिकायचं, वाटलं तर गाणंही शिकायचं, आणि मग पुढचं आपलं आपण ठरवायचं. तिला तिथं जायचं आहे. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही असल्याच शाळेत होते ना? मग तुम्हीच सांगा, याच्यातून पुढं काय होते ते." हा प्रश्न होता की टोमणा, मला अजून उमगलं नाही. उद्या सकाळी जागा पक्की करायची आहे, आणि हो-नाही सगळ्यांनी माझ्यावर टाकलं आहे. आत्ता दुपार आहे. सगळे आपापल्या कामाला गेलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. गॅस बंद आहे का ते दोनदा उठून पाहिलं. मुलीनं इतक्या लांब राहायचं, तिथलं पाणी कसं असेल, जेवण कसं असेल, आणि चार वर्षांनी हातात जो कागद येईल तो कोणी मानेल का, हे सगळं सकाळपासून मनात घोळवतो आहे. म्हणून तुम्हांला लिहायला बसलो.

तुम्ही मला नेहमी कडुलिंबाच्या सावलीत दिसता. अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत, आणि हातात काहीतरी, कधी चाकाचा आरा, कधी नुसतं ढेकूळ. तुम्ही जवळच्याच रोहणा गावचे. मोठ्या शहरात इंजिनीयर झालेले, सरकारी नोकरी सोडून आलेले, पण बोलणं पार घरचं, त्यामुळे आम्हां पोरांना तुमची भीती कधी वाटलीच नाही. मी नाचणगावहून तुमच्या विद्यालयात आलो होतो. वडील पुलगावच्या मिलमध्ये होते आणि मी सरकारी ओव्हरसियर होऊन परत येणार असं त्यांनी सगळ्या खात्यात सांगून ठेवलं होतं. सकाळी सूतकताई, मग शेत, मग भूमिती, असं आपलं वेळापत्रक भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं होतं. पण भूमितीच्या तासाला तुम्ही विहिरीचा दोर घेऊन येता. दोराबरोबर तो जिच्या वाखाचा वळतात ती अंबाडी येते, अंबाडीबरोबर ती भिजत घालतात त्या डोहाचं पाणी येतं, पाण्याबरोबर डास, डासांबरोबर हिवताप. तास संपतो तेव्हा आम्ही कुठल्या कुठं पोचलेलो असतो आणि वर्तुळ तसंच धुळीत काढलेलं राहतं. ते दिवस मला आता आठवतात ते असे, एकातून दुसरं निघत, कुठंच न थांबता, झोपेत पाण्यावर तरंगल्यासारखे.

दुसऱ्या वर्षी तुम्ही आमच्या यंत्रविद्येच्या गटाला बिनधुराची चूल बांधायला दिली. विद्यालयामागच्या गावातलं एक घर होतं. त्या घरच्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो, आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुरानं त्यांचे डोळे बारमाही लाल असायचे. मोजमापं माझी होती. आग कुठून आत जाईल, बाजूच्या वैलाकडे कशी वळेल, धुराडं किती उंच काढायचं, सगळं मी वाळूवर काढून दाखवलं होतं आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारली होती. दिवाळीनंतर चूल सुकली. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे दाराशी उभे. मावशींनी पऱ्हाटी आत सारली, धूर भिंतीतून वर गेला आणि छपराच्या कवेलूंवरून निळा होऊन पांगला. घरात काहीच नाही, नुसता दिव्याचा उजेड. मावशींनी दिवा उचलून समोरच्या भिंतीजवळ नेला. मग हसायला लागल्या. "इतकी कायी आहे काय माही भित? मले वाटे धुरानंच तशी दिसते." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पांढऱ्या मातीनं सारवून काढली.

आणि मग पेरणीचे दिवस आले. चुलीवरच्या आढ्याला ज्वारीची बियाण्याची कणसं बांधलेली असायची, त्यांच्या सासूच्या काळापासून तिथंच. मावशींनी ती खाली काढली तर पीठ झडलं. एकूण एक दाणा पोखरलेला. इतकी वर्षं धूर त्या कणसांना सांभाळत होता आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आम्हांला नाही आणि त्यांनाही नाही. "मी बी तं जागा म्हणून बांधत होती तिथं," त्या म्हणाल्या. "आधी डोये जाऊन राह्यले होते, आता बियाणं गेलं. काही ना काही जाणारच होतं बाप्पा." तुम्ही विद्यालयाच्या शेतातलं बियाणं त्यांच्या घरी पोचवलं आणि यंत्र, शेती, आरोग्य, आम्हां सगळ्या गटांना कडुलिंबाखाली बोलावलं.

मी आधीच सांगून टाकलं, "गुरुजी, चूल तं बराबर चालून राह्यली."

"मंग बियाण्याले कीड काऊन लागली?"

"तो शेतीवाल्यायचा विषय आहे."

शेतीच्या गटातला मुलगा चिडला. "आमाले कोणी सांगतलं होतं का तुमी धूर बंद करून राह्यले म्हणून?" आरोग्याच्या वर्गातली मुलगी म्हणाली, मी फक्त मावशींचे डोळे पाहत होते, मी वर कशाला बघू.

तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं. "बरं. मंग हा धूर कोणत्या विषयात येते, ते सांगा मले."

शेतीवाला माझ्याकडे बघायला लागला, मी त्या मुलीकडे. मग तुम्ही म्हणालात, "चूक तुमची नाई. मी तुमाले वेगवेगळ्या खोल्याइत बसवलं, ते चुकलं." आणि उठून ओल्या फडक्यानं भिंतीवरचं वेळापत्रक पुसायला लागलात. अक्षरं आधी पसरट झाली, मग नुसतं पांढरं ढगासारखं काहीतरी उरलं. मला ते अजून दिसतं.

मावशींना जुनी चूल नको होती. "आता मले माही भित दिसते," त्या म्हणाल्या, "बियाण्याचं तुमीच पाहा." त्यामुळे पुढं कितीतरी दिवस आपल्या वर्गाला एकच विषय होता. तुम्ही प्रत्येकाला त्याला न येणारं काम दिलं. शेतीवाला मुलगा धुराडं बांधायला लागला, आरोग्याची मुलगी कीड पाळायला, आणि मी, ज्याला मोजमापाशिवाय काही येत नव्हतं, मावशींच्या चुलीपुढे. मला फार लागलं ते. मी म्हटलं, "गुरुजी, मी इंजिनीयर व्हाले आलो, भाकरी कराले नाई." तुम्ही रागावला नाहीत, खरोखरच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलंत. "तुले चूल बांधता येते अन् तिच्यापुढं बसता येत नाई? असं कसं रे?" मी बसलो. माझी पहिली भाकरी मावशींनी परातीतून उचलून उजेडात धरली. "हा जिल्ह्याचा नकाशा काढला काय? याच्यात तुह्यं नाचणगाव दाखव बरं कुठं आहे." रोज दुपारी मी तिथं असे. कुठली लाकडं आधी पेटतात, वारा फिरला की चूल कशी कुरकुरते, माणूस भाकरी थापताना कुठं बघतो आणि कुठं बघत नाही, हे मी तिथं बसून शिकलो. आणि एके दिवशी पीठ मळता मळता माझ्याच मनात आलं की धूर घराबाहेर जायच्या आधी त्याला भिंतीतल्या एका कोनाड्यातून फिरवला तर? कणसं कोनाड्यात, धूर कोनाड्यात, घर मोकळं. तसेच पिठाचे हात घेऊन मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही धुळीत रेघा काढायला लागलात, शेतीवाला मुलगा त्या खोडायला लागला, ती मुलगी म्हणाली कणसं फार तापली तर उगवणार नाहीत, आणि आम्ही सगळे एकदम बोलत होतो. आयुष्यात इतकं जागं मी पुन्हा कधी नव्हतो, आणि तरी ते सगळं स्वप्नात पाहिल्यासारखंच वाटतं.

कोनाडा बांधून झाला. पीक आल्यावर त्यात नवी कणसं ठेवली. ती पुढच्या पेरणीपर्यंत टिकतात का, एवढंच पाहायचं उरलं होतं. त्याच थंडीत वडील आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "तुले ओव्हरसियर कराले धाडलं, अन् तू लोकाच्या घरी भाकरी थापून राह्यला?" मग तुमच्याकडे वळून त्यांनी हात जोडून विचारलं, "गुरुजी, याचा कागद सरकार मानते काय?"

"अजून नाई," तुम्ही म्हणालात.

"कधी मानन?"

"ते मले माहीत नाई."

तुम्ही खोटं बोलला असता तर मी राहिलो असतो. वडील मला घेऊन गेले. पुलगावच्या लष्करी डेपोत चिकटलो, हेल्पर म्हणून, आणि कागद असलेली माणसं माझ्यावर साहेब म्हणून येत राहिली. मला सगळ्यातलं थोडं येत होतं आणि पुरतं काहीच नाही. काही मोडलं की ते कशाकशाला धरून आहे हे मी विचारत बसायचो आणि फोरमन म्हणायचा, सांगितलं तेवढं कर. ही खोड तुमची. तिनं माझं भलं केलं की नुकसान, मी ठरवू शकलो नाही. तुम्ही वारल्याचं आणि आपला अभ्यासक्रम बंद पडल्याचं मला डेपोतच कळलं, बऱ्याच उशिरानं. तुमच्यावर रागही धरून होतो बरीच वर्षं. आज लिहायला बसलो ते खरं म्हणजे यासाठी की तुमची चूक नीट मांडावी, म्हणजे सकाळी नाही म्हणायला सोपं जाईल.

इथपर्यंत लिहिलं आणि नात आली. पाणी प्यायली, समोर बसली. "आबाजी, काय लिहून राहिले?" मी कागदावर हात ठेवला आणि तिला मावशींच्या चुलीची गोष्ट सांगितली. यापूर्वी घरात कोणाला सांगितली नव्हती. ती हनुवटी हातावर टेकून ऐकत होती.

"मग ती कोनाड्यातली कणसं टिकली का?"

"मी त्याच्या आधी निघालो होतो."

"म्हणजे तुम्ही इंटरव्हलला उठून आले," ती हसत म्हणाली, "आणि पिक्चर कसा आहे ते तुम्हालाच विचारून राहिले सगळे."

मला हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलं तर मी नागपूरला जाईन, आबाजी. रडणार नाही."

"जा तू," मी म्हणालो. "तिकडंच जा. तुझ्या बापाला मी सांगतो." माझंच बोलणं मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं ऐकू आलं. ती मैत्रिणीला फोन करायला गच्चीवर गेली आहे, तिचा आवाज इथवर येतो आहे, शब्द कळत नाहीत.

हे कागद तिच्या बापाच्या हाती लागण्याआधी फाडून टाकायला हवेत. त्याला मी सांगणार आहे की सगळ्या बाजूंनी विचार करून हो म्हटलं. तसं नाही, गुरुजी. मला माझा अर्धा राहिलेला अभ्यास तिच्याकडून ऐकायचा आहे. ती सुट्टीत घरी येईल, मी तिला इथं समोर बसवीन आणि विचारीन, काय शिकवलं, आणि मग, आणि मग त्याच्यातून काय निघालं. तिच्या नोकरीची काळजी आहेच, ती मला मरेपर्यंत पुरेल. पण हो म्हणताना ती काळजी मला आठवली नाही.