उलट्या बाजूची खाच

५ जाने., रवि.
आष्ट्याहून शालन आली होती. हे कुपवाडच्या कारखान्यात ग्राइंडिंगला होते, ती तिथंच पॅकिंगला. हे गेले तेव्हा आली होती, दाराशी बसून गेली. आज रुमालातून घडीचा चाकू काढला. तिचा भाऊ म्हणतो, मिलिटरीतल्या वडलांचा, विलायती, म्हणून माझा. ही म्हणते माझा. कुणी दिला ते सांगेना.
"वैनी, तुमी शिक्का बघून सांगशीला त्ये आमी दोघंबी मानू."
चाकू ठेवून गेली, भाऊ पुढच्या रविवारी येणार. ह्यांना चाकूदुरुस्तीचा नाद, म्हणून ह्यांच्यामागेही चाकू ओळखायला लोक माझ्याकडे येतात, त्यात नवं नाही. पण ही का आली?

६ जाने.
भिंग लावलं. पात्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं. एस, एच, एफ, एफ, एफ, आय, एफ, एल, डी. म्हणजे विलायतेतलं चाकूंचं गाव शेफील्ड, पण दोन्ही 'ई'च्या जागी 'एफ'. तिथला कारागीर आपल्या गावाचं नाव चुकवायचा नाही.
ह्यांची पेटी उघडली. अक्षरांच्या ठशांतला 'ई' साबणाच्या वडीवर दाबला. खालची दांडी तुटलेली. 'एफ' उठला.
तीन वर्षांनी ह्यांचा हात दिसला. खूप बरं वाटलं. मग आठवलं, चाकू कुणाच्या रुमालातून निघाला.

७ जाने.
माझा चाकू शेजारी ठेवला. जुना विलायती, ह्यांनी नवी मूठ बसवलेला. मला दुरुस्त केलेला. हिला मुळापासून घडवलेला.
आणि हिच्या पात्यावरची, नखानं उघडायची खाच उलट्या बाजूला. उघडताना माझं नख तुटलं. ह्यांची खाच कधी चुकली नाही.
रविवारी तिला पेरू दिला तर विळी नको म्हणाली. ह्याच चाकूनं कापला. डाव्या हाताच्या नखानं उघडून. तेव्हा माझं अर्धं लक्ष चहाकडे होतं.

९ जाने.
फोन केला. "शालन, तू डावरी का गं?"
"व्हय. आई लय मारायची, तरी हात बदलला न्हाई." मग हळूच, "वैनी, कळलं न्हवं तुमास्नी?"
मी हातातला चाकू मिटला.
"कारखान्यात समदी हसायची मला. त्ये तेवढे हसले न्हाईत." आणि म्हणाली, "तुमचं सांगायचे की. आमची मंडळी चाकवावरच्या शिक्क्यांवरनं इंग्रजी शिकली म्हनायचे."
ते आमचं दोघांचं होतं. तेही हिला सांगितलं. सोम ते शनि कुपवाड, रविवार तेवढा इथं साताऱ्यात. एका दिवसाची मी.

११ जाने.
दोन चिठ्ठ्या लिहिल्या.
एक: चाकू शेफील्डचा, जुना, अस्सल. ही दिली की भाऊ घेऊन जाईल. तिच्याकडे ह्यांचं काही उरणार नाही. अक्षर फार छान आलं.
दुसरी: चाकू कुपवाडला घडवलेला, करणाऱ्याचं नाव... इथं हात थांबला. नाव मी कधी घेतलं नाही.
पण पहिली दिली तर ह्यांचं सगळ्यांत चांगलं काम कुणा परक्याचं होतं. पातं, पाठीची पट्टी, मूठ, कुठं केसभर फट नाही. असं काम ह्यांनी दुसरं केलेलं मी पाहिलं नाही. आणि ते केलं कुणासाठी

१२ जाने., रवि.
दहाला दोघं एकाच मोटरसायकलवर आली. भाऊ बसायच्या आधीच, "आवं वैनी, आमच्या बाचाच हाय न्हवं? बोला की."
म्हटलं, उघडा. दोनदा नख निसटलं. "गंजलाय जनू."
"वडील डावरे होते का?"
"न्हाई बा. का वो?"
शालन खाली बघत होती. तिनं हात पुढं केला नाही. केला असता तर माझ्याच्यानं बघवलं नसतं.
पहिली चिठ्ठी चुलीत घातली. दुसरी पुरी करायला आत आले आहे. ह्यांचं नाव लिहिलं. आडनावासकट. खाली एक ओळ जागा उरली, कुणासाठी केला त्याची. ती लिहिली नाही तर भाऊ विचारणार, मग हिच्याकडं कसा?
स्वयंपाकघरात शालन चहाचे कप विसळतेय. कुठला कप कुठं ठेवायचा, मला न विचारता. तेही ह्यांनी सांगितलं असणार.