खांदा, छाती, बाही

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

१. सकाळच्या बसने आई आणि मी भंडाऱ्याला गेलो. भाऊबीजेनंतर आमच्या सानगडीची मंडई, म्हणजे गावची जत्रा. आंधळगावहून योगेंद्रच्या घरचे येणार. माझ्या साक्षगंधानंतरचा पहिलाच सण, म्हणून होणाऱ्या जावयाला कपडे.
२. नऊशे रुपयांचा शर्ट पसंत केला.
३. बिल करताना दुकानदाराने गाव विचारलं. आईने सांगितलं.
४. तो म्हणाला, "सानगडीच्याच पोरीसाठी काल आंधळगाववाले साडी घेऊन गेले. होणारी सून कंपनीत मापं घेते म्हने."
५. ती सून मीच.
६. आईने विचारलं, "केवढ्याची नेली जी?" तो म्हणाला, "साडेचार हजाराची. हप्त्यावर."
७. आईने नऊशेचा शर्ट परत ठेवला. साडेतीन हजारांचा शर्ट-पँटचा डबा घेतला. हप्त्यावर. मोबाईल नंबर माझा दिला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल बसमध्ये आईशी झालेलं बोलणं डोक्यातून जात नाही.

"त्यायनं साडेचारची साडी आनली अन् आपून नऊशेचा शर्ट ठेवू? मंडईत सारं गाव पाहते!"

मी म्हटलं, त्यांनीही हप्त्यावरच घेतली ना.

"म्हून तं! त्यायनं हप्ते भरून आनलं अन् आपून हात आखडला, असं दिसन नं!"



मंगळवार, १४ ऑक्टोबर

कंपनीच्या फलकावर सूचना लागली. ओव्हरटाइम दिवाळीनंतरही बंद. कारण – ऑर्डर कमी. बोनसचा उल्लेखच नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कामावरून येताना बाबांच्या शिलाईच्या दुकानात बसले. दिवाळीच्या आठवड्यात इथे पाय ठेवायला जागा नसायची. दारापर्यंत कपडे टांगलेले, आम्ही घरचे सगळे काजं-बटणं करायला. आज काय होतं? चेन बदलणं, कंबर ढिली करणं, शाळेच्या पँटी खालून उसवून लांब करणं.

कवडूकाका पँट घेऊन आले. "यादोराव, मंदी हाय म्हन्ते, अन् माहं पोट वाढूनच राहिलं!" बाबा हसले. काका गेल्यावर म्हणाले, "लोकं नवा कपडा आनूनच नाई राहिले, पोरी. जुनाच लांब करून राहिले."

दुकानं भरलेली दिसतात, रोषणाई आहे, बातम्यांत खरेदीचे मोठे आकडे आहेत. पण खरेदी झालेल्यातलं किती लोकांना परवडलेलं आहे, हे त्या आकड्यांत दिसत नाही. आमचा डबाही त्यात मोजला गेला असेल. आंधळगावची साडीही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

योगेंद्रचा फोन. तो मोटारसायकलच्या शोरूममध्ये विक्रीला आहे. विचारलं, दिवाळीचं बुकिंग कसं आहे?

"मस्त चालू आहे."

मग त्याने विचारलं, तुमच्या कंपनीत काय?

"ठीक."

त्याची आई मागून ओरडली – "दामिनीले सांग, साडी पाहून खुश होऊन जाशीन!" त्याने ते मला सांगितलं. मी थँक्यू म्हटलं. त्यालाही काही बोलायचं होतं असं वाटलं. अंदाज आहे, खात्री नाही.

आम्ही एकमेकांना काय पाठवतो आहोत? त्यांचे हप्ते आमच्याकडे, आमचे त्यांच्याकडे. लग्नानंतर दोन्ही हप्ते एकाच घरातून जाणार – आमच्याच! आणि तोवर मी "ठीक" आणि तो "मस्त".

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आईने आज बाबांना डबा दाखवला. पाच दिवस कपाटात होता. बाबांनी शर्ट आतून उलटा करून शिवण पाहिली. "टाका लांब हाय, लवकर उसवन," एवढंच म्हणाले. शर्ट सुलटा केला, घडी होती तशी घातली, दुकानात निघून गेले.

मी आईला विचारलं, आपल्या घरात शिंपी असताना आपण विकतचा शर्ट का देतोय?

"जावयाले घरचा शिवलेला? लोकं म्हनतीन, यायच्यापाशी पैसेच नाई."

नाहीतच की! पण हे तिच्यासमोर बोलले नाही.

जेवायला बोलवायला दुकानात गेले. बाबांनी पेटी उघडली होती. त्यात आकाशी रंगाचं कापड, कागदात गुंडाळलेलं. साक्षगंध ठरलं त्याच आठवड्यात आणलं म्हणाले. योगेंद्रच्या शर्टासाठी. आईला माहीत नाही.

"मंग शिवलं काहून नाही?"

"त्याचं माप कोनाले मागू? अंदाजानं कापलं अन् खांद्यात आवळलं, तं तोंड कसं दाखवू?"

पंचवीस वर्षं गावाची मापं घेतात. जावयाचं मागायला लाजतात.

बाबा खरं तेच बोलले. अंदाजाने कापायचं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दुकानदाराला फोन केला. घडी मोडली नसेल तर मंडईच्या आधी डबा आणि साडी दोन्ही परत घेईन म्हणाला. आईला सांगितलेलं नाही. संध्याकाळी योगेंद्रला पाठवलं ते असं –

"नमस्कार. तुमच्यासाठी घेतलेले कपडे हप्त्यावर आहेत. माझी साडीही हप्त्यावर आहे, हे मला दुकानात कळलं. दोन्ही परत करता येतात. माझा ओव्हरटाइम बंद झाला आहे, परवा मी 'ठीक' म्हणाले ते खरं नव्हतं. मंडईला तुम्ही सगळे साडी न आणता या. तुमचा शर्ट बाबा शिवतील. त्यासाठी माप हवं – खांदा, छाती, बाही, कॉलर. मंगळवार, २१ तारखेपर्यंत कळवा."