वाढवू की कमी करू?

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. दुपारी ४.१२ ला डॉक्टरांनी मोबाइलवर मला अंगठा पाठवला.

प्रश्न साधा होता. माझे पाय आधी फक्त निजताना वळवळायचे. त्यावरची गोळी डॉक्टरांनी वाढवली तर संध्याकाळी सातला सुरू झाले, पुन्हा वाढवली तर आता चारलाच. मग गोळीच पाय बिघडवते आहे का? म्हणून विचारलं, "वाढवू की कमी करू?" त्यावर अंगठा. एवढं एम.डी. होऊन शेवटी अंगठाच उठवायचा? कॉन्व्हेंटात सिस्टरांनी अशा उत्तराला वर्गाबाहेर काढलं असतं.

घाटकोपरला दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरची म्हणाली, "आंटी, सरांनी ओके दिलंय ना?"

"कशाला ओके, बाई? वाढवायला की कमी करायला?"

"ते सरच सांगतील. सर आता शनिवारी."

मनाने गोळी बंद करू नका, हेही डॉक्टरांनीच बजावलेलं. बंद करायची नाही, वाढवायची भीती. मग करू काय मी? हे ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, बसवतच नाही.

आत्ता पुन्हा मेसेज केला: डॉक्टर, आजची गोळी नऊला घ्यायची आहे. किती घ्यायची ते साडेआठच्या आत शब्दांत लिहून कळवा.