नूरबानूभाभींचा टोप आणि बाल्टिक समुद्र

बौशर (मस्कत), ४ मे २०२५

ती. बाबांस,

सविनय जयभीम, वि. वि. तुमच्या अटीप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. अक्षराला हसू नका.

श्वेताच्या शाळेत मुलांची संसद भरणार आहे, उत्तरेकडच्या देशांची. आपलं कन्यारत्न फिनलंडचं खासदार झालंय आणि खालच्या मजल्यावरच्या नूरबानूभाभींची अल्फिया स्वीडनची. दोन्ही देशांच्या मधल्या बाल्टिक समुद्रात शेतातलं खत वाहून जातं आणि शेवाळ माजतं. त्यावर दोघींनी मिळून अकरा तारखेला एकच ठराव मांडायचा आहे. आणि नेमकं आम्हा आयांचं बोलणं बंद!

झालं असं. भाभींनी श्रीवर्धनहून आणलेले सुके बोंबील गॅलरीत उन्हाला ठेवले होते. त्यांवर आमच्या एसीचं पाणी गळलं. बोंबील गेले. पण मला वर येऊन सांगायचं, की थेट नातूरकडे, म्हणजे आमच्या वॉचमनकडे, तक्रार करायची? दहा वर्षांचा शेजार! मला इतकं लागलं की मीही त्याच नातूरकडे वासाची तक्रार केली. आता मुली जिन्यात बसून ठराव लिहितात. श्वेता रडते, म्हणते, अल्फियाशी तुटलं तर मला दुसरी मैत्रीण नाही.

त्यात भाभींचा ईदच्या शिरखुर्म्याचा टोप माझ्याकडेच. भीमजयंतीला खीर भरून देणार होते, तर दोनच दिवस आधी हे भांडण. रिकामा देववत नाही आणि भरून द्यायला मन होत नाही. काय करू?

तुमची माया आहेच, या खेपेला थोडी अक्कलही पाठवा.

आपली,
सरिता

महाड, ६ मे २०२५

चि. सौ. सरितास,

जयभीम व अ. उ. आ. पत्र पोचलं. अक्षर वाईटच आहे.

बोंबलाच्या वासाची तक्रार तू केलीस, हे चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सुकटीशिवाय भाकरीला हात न लावणारी हीच का ती? तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

श्वेताला माझा निरोप दे. जिल्हा परिषदेत तीस वर्षं मी सभांचं इतिवृत्त लिहिलं. एका ओढ्यावरून दोन गावं भांडायची. तीन वर्षं नुसते दुसऱ्याच्या चुकांचे कागद येत राहिले. शेवटी आमच्या साहेबांनी अट घातली, की प्रत्येकाने आधी आपली चूक सांगायची, तीही घरातलं उदाहरण देऊन. सभा वीस मिनिटांत आटोपली. श्वेताच्या ठरावाचं पहिलं कलम तेच असू दे.

टोप रिकामा पाठवू नकोस, एवढंच. बाकी तू शहाणी आहेस असं जावई सांगतात.

रागावलेलो नाही. रागावलो असतो तर पत्र इतकं लांबलं नसतं.

तुझे बाबा

बौशर, १३ मे २०२५

ती. बाबांस,

सविनय जयभीम, वि. वि. तुमचा निरोप जसाच्या तसा पोचवला आणि तोंडावर पडले.

परवा शाळेच्या हॉलमध्ये सगळे पालक. मी एका टोकाला, भाभी दुसऱ्या. फिनलंडच्या खासदारबाई उठल्या आणि दोनशे माणसांसमोर माइकवर म्हणाल्या, की आमच्या एसीचा पाइप वर्षभर फुटलेला आहे, आईला ते माहीत आहे आणि पप्पा दर शुक्रवारी इन्शाल्ला म्हणतात. लोकेश खुर्चीत दिसेनासा झाला. मग स्वीडन उठलं. म्हणालं, आमचे बोंबील वास मारतात हे खरं. आणि अम्मी वर जाऊन सांगू शकली असती, पण तोंडावर सांगितलं तर सरिताआंटीला वाईट वाटेल म्हणून ती नातूरकडे गेली.

बाबा, माझ्या मनात हे आलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. भाभींकडे पाहिलं तर त्या ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

लोकेशने त्याच संध्याकाळी पाइप बदलला. पाणी आता भाभींच्या कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. काल बुद्धपौर्णिमेला टोपभर खीर घेऊन मी खाली गेले. भाभींनी विचारलं, की इतके दिवस टोप काय लॉकरमध्ये ठेवला होतास? मला रडू फुटलं, मग त्यांनाही. शेवटी दोघींनी जाऊन नातूरला वाटीभर खीर दिली. दोन्ही तक्रारी मागे घेतल्या का, असं तो बिचारा तीनदा विचारत होता.

आईला आता सगळं सांगा, पण तिचं जेवण झाल्यावर. आम्हा सगळ्यांवर जीव आहे तसाच राहू द्या.

आपली,
सरिता

ता. क. आत्ताच अल्फिया वर येऊन गेली. टोप पुन्हा माझ्याकडे आहे, बोंबलाच्या चटणीने काठोकाठ भरलेला.