बिलालभाई कारगिलला होता तेव्हा

५ जून १९९९, दौंड

आज नळावर भांडले. आणि मला काही वाईट वाटत नाही!

शेजारच्या साळूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "तुमचं बरं हाय बाई. कोण बी जिंकलं तरी तुमच्यात सण." हंडा तिथंच आपटला. म्हटलं, माझा सख्खा भाऊ कारगिलला बंदूक घेऊन बसलाय. तुमच्या घरातलं कोण गेलंय?

हंडा उचलून चालत्या झाल्या. पण घरी अब्बांचं ऐकावं लागलं. "तोंड उघडायचं न्हाई, आसमीन. रेल्वेत नोकरी हाय माझी. ह्याच लोकांत राहायचंय."

ह्याच लोकांत राहायचंय म्हणूनच उघडणार!

अम्मी दिवसभर रेडिओला चिकटलेली असते.

९ जून

सुमित कॉलेजच्या मागं भेटला. आज पहिल्यांदाच इकडंतिकडं बघून बोलला. त्याच्या घरी आमचं कळलंय. त्याची आई, ललिताकाकू, म्हणाल्या म्हणे — "असल्या दिवसांत त्या घरातली पोरगी? वस्तीत तोंड कसं दाखवायचं?"

मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्यासमोर उभं राहून म्हणाल्या का हे?

सुमित चपलेनं माती उकरत राहिला. "थोडं थांबू. वातावरण निवळू दे."

वातावरण म्हणे!

१७ जून

भाईचा फोन नाही. सुमितचाही नाही.

२८ जून

भाई जखमी. सुरुंगावर पाय पडला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुण्याला आणणार आहेत.

अब्बा स्टेशनातल्या बाकावर बसून रडले, सगळ्यांदेखत. मी उठवलं नाही. रडू देत.

१२ सप्टेंबर

भाई घरी आला, कुबड्यांवर. ढोल, हार, गुलाल. साळूबाईंनी ओवाळलं आणि खरंच हुंदके देऊन रडल्या, त्यामुळं धड रागही धरता येईना. विसरले मात्र नाही.

१९ सप्टेंबर

ललिताकाकू पेढे घेऊन आल्या. मागं सुमित, नव्या शर्टात. इतके दिवस ह्याच माणसाची वाट बघितली मी.

"जवानाची बहीण आमच्या घरात आली तर अभिमानच हाय आम्हाला," काकू म्हणाल्या. अब्बांनी हात जोडले. अम्मीनं डोळ्यांना पदर लावला.

मी सुमितलाच विचारलं — भाई फौजेत नसता, अब्बांसारखा रेल्वेत असता, तर आला असतास?

त्यानं आईकडं बघितलं.

ते गेल्यावर भाई माझ्यावर ओरडला. कधी ओरडत नाही तो! "हो म्हण! पाय गेला माझा. त्याचं काहीतरी चांगलं होऊ दे ह्या घरात!"

मला त्याच्याकडं बघवेनाच.

२० सप्टेंबर

सुमितच्या घरी एकटी गेले आणि नकार देऊन आले. "रेल्वेतल्या नबीलालची पोरगी म्हणून मागायचं होतं, काकू. भाईच्या पायावर मी सासरी येणार नाही."

भाई बोलत नाही. सुमित अजून आवडतो. तरी नाही.