चौसष्ट टक्क्यांवर

आतबाशी,
३ सप्टेंबर २०१२

चि. तुर्सुनाय हिला,
वहिनीचे अ. आ., आणि सोबत एक तक्रार.

तुझा पाय आता गुडघ्यातून नीट वाकतो हे वाचून बरं वाटलं. वर्षभर पाय लंगडला, पण जीभ एक दिवस लंगडली नाही, असं तुझे दादा म्हणाले असते. ते नाहीत म्हणून मी म्हणते. कुणीतरी म्हणायला हवं.

आता तक्रार. आमच्या लेकीच्या, मेरिमच्या, पाठवणीच्या मेजवानीत दादा बोलले ते तुला ऐकायचं आहे, कारण तू तेव्हा प्लास्टरमध्ये पडून होतीस. मलाही ऐकायचं आहे. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. डीव्हीडी वसंतात हातात आली आणि ती लावायचा धीर मला उन्हाळ्यात झाला. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. टेलिफोनवर तर ते नुसते 'हं' म्हणायचे. कॅमेरावाला आपला कॉम्प्युटर विकून रशियात गेला. म्हणजे जे काही आहे ते या एका चकतीवर.

टीव्हीवर लावली की हे पेला घेऊन उठतात, बोलायला तोंड उघडतात आणि चित्र गोठतं. तोंड उघडंच. किती वेळ बघत बसायचं गं तसं? मग तू सांगितलास तो प्रोग्राम मेरिमने वसंतात दिलेल्या कॉम्प्युटरवर घातला. डिस्कची जशीच्या तशी एक मोठी फाइल होते, तिला इमेज म्हणतात, आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात, असं तूच म्हणाली होतीस. चौसष्ट टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा चौसष्ट.

शेजारची बुरुल म्हणते टूथपेस्ट चोळ. तिचा नवरा म्हणतो दिवसभर बर्फात ठेव. मशिदीतले मुल्ला डिस्कवर फुंकर घालायला तयार झाले होते, पण त्यांना सर्दी आहे म्हणून मी नको म्हटलं.

दादांच्या वर्षाचं जेवण सहा ऑक्टोबरला आहे. त्याआधी प्रत तुझ्या हातात पडावी असं मनात आहे. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस, म्हणून मिनीबसवाल्याच्या हाती हे पत्र.

लोभ तुझा आहेच, त्यात थोडी अक्कल घालून लवकर पाठव.
कालिपावहिनी

—

काराकोल,
९ सप्टेंबर २०१२

ती. वहिनींना,
शि. सा. न., वि. वि. हे की, बुरुलला म्हणावं टूथपेस्ट दातांना लाव आणि बर्फ तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ठेव.

डिस्क मऊ सुती कापडाने पुसा. मधून काठाकडे, सरळ. गोल गोल नाही, आणि तुम्ही तळणीच्या बोरसोकची कणीक मळता तशी तर मुळीच नाही. मग प्रोग्राममध्ये वाचण्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा. तरी अडलं तर दुसरी एखादी डिस्क घालून बघा, म्हणजे दोष डिस्कचा की यंत्राचा ते कळेल. आणि काहीच जमलं नाही तर 'चुका सोडून पुढे जा' असा एक पर्याय आहे. वाचता येत नाही तेवढा तुकडा तो रिकामा ठेवतो आणि बाकीचं सगळं उतरवून घेतो.

खरं सांगा, कॉम्प्युटरला तुम्ही काही केलंत का? शाळेच्या कॉम्प्युटरखोलीत मी दहा वर्षं काढली आहेत. काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्याने काहीतरी केलेलं असतंच.

वहिनी, लग्नाला मी नव्हते. दफनाला कुबड्या घेऊन पोचले तेव्हा माणसं हात धुऊन परतत होती. दादाचं मला काहीच मिळालेलं नाही. एवढं तरी राहू नये.

माझ्या बोलण्याचा राग पत्राबरोबर घडी करून ठेवा.
तुमची नणंद,
तुर्सुनाय

—

आतबाशी,
१६ सप्टेंबर २०१२

चि. तुर्सुनायला आशीर्वाद, पण आज निम्मेच.

उरलेले निम्मे का कापले ते आधी सांगते. चुका सोडून पुढे जा, म्हणे! अगं, चौसष्ट टक्क्यांवर तुझे दादा आहेत. त्यांच्या आधी तुझ्या मामेभावाचं पाऊण तास बेसूर गाणं आहे, ते यंत्र बिनतक्रार वाचतं. मेरिमच्या सासऱ्याचं भाषण आहे, तेही वाचतं. आणि नेमके हे बोलायला उठले की तिथे रिकामी जागा ठेवायची? रिकामी जागा घरात आहे माझ्या. ती फाइलमध्ये कशाला हवी? त्या पर्यायाला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही.

बाकी सगळं तू म्हणालीस तसं केलं. पुसली. वेग कमी केला, तर सहासष्टपर्यंत गेलं. मी चहा टाकून ठेवला आणि त्या दोन टक्क्यांसाठी उभी राहिले. मग बुरुलच्या लेकाच्या लग्नाची डिस्क घालून पाहिली. तीही शेवटी शेवटी अडली. म्हणजे दोष यंत्राचा, असं तुझ्या हिशोबाने ठरतं.

कॉम्प्युटरला मी काहीही केलेलं नाही. स्वच्छ ठेवते, वर विणलेला रुमाल घालते. एवढी महागाची वस्तू, येणारा-जाणारा डोळे फाडून बघतो. म्हणून दर गुरुवारी आर्चाच्या झाडाची फांदी पेटवून धुरी देते. तीन वेळा भोवती फिरवते, आणि डिस्कचा कप्पा उघडून आतही थोडी. टीव्हीखालच्या डीव्हीडीच्या पेटीलाही देते, तिला तरी का वगळायचं? त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.

कापलेले आशीर्वाद चांगला उपाय आल्यावर पाठवीन.
कालिपावहिनी

—

काराकोल,
२१ सप्टेंबर २०१२

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं, त्याबद्दल आधी क्षमा. भौतिकशास्त्राचे सर हसता हसता खुर्चीवरून घसरले.

वहिनी, तुम्ही त्याला धुरी दिली नाहीत, त्याचं डोळ्यांचं ऑपरेशन उलटं केलंत! त्या कप्प्यात मसुराएवढी एक काच असते, तिच्यातूनच यंत्र डिस्क वाचतं. तिच्यावर सहा महिन्यांची काजळी बसली आहे. आतली बाजू कशीबशी दिसते, काठाकडे गेलं की धूसर. आणि तुमचा नवरा बिचारा काठाकडे उभा! डिस्कला काही झालेलं नसावं.

शाळेतलं बाहेरून जोडायचं डिस्कवाचक यंत्र या पत्राबरोबर पाठवते आहे. वायर कॉम्प्युटरला लावा, डिस्क याच्यात घाला. माझ्या सहीवर आणलंय. याला नजर लागली तर लागू द्या.

चुका सोडायचं लिहिलं ते माझं चुकलं. कुठली जागा आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचलं आणि पुढचा तास वर्गात शिकवता आलं नाही. पोरांना खेळू दिलं.

कापलेले आशीर्वाद आता पाठवा.
तुर्सुनाय

—

आतबाशी,
२९ सप्टेंबर २०१२

चि. तुर्सुनायला पूर्ण आशीर्वाद, मागच्या थकबाकीसह.

यंत्र पोचलं. याला धुरी दिली नाही, नुसती लांबून दाखवली.

चौसष्ट गेलं, सहासष्ट गेलं, ऐंशी गेलं. एक्क्याण्णवला पुन्हा थांबलं! म्हणे जागा नाही. मी फाइल पेनड्राइव्हवर घेत होते, आणि तो अर्धा रिकामा होता. बुरुल म्हणाली मुल्लांना बोलाव. मी त्याऐवजी प्रोग्रामची मदत-पानं शब्दकोश घेऊन वाचली. छापलेलं काहीही मी वाचते यावर तुझे दादा हसायचे. औषधाच्या बाटलीतला कागदही मी सोडत नाही. सतराव्या पानावर सापडलं: पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेला असेल तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यात मावत नाही, जागा कितीही असो. मग फाइल कॉम्प्युटरच्याच पोटात घेतली. शंभर टक्के. तुला विचारलं नाही, ही बढाई आहे.

मग दार लावून ऐकलं.

तुर्सुनाय, माझ्या आठवणीत ते अर्धा तास तरी बोलले होते. दोन मिनिटं आहेत. आधी म्हणतात, माझी बहीण पाय मोडून घरी आहे, म्हणून आज मला बोलायला मिळणार. सगळे हसतात. ते तुझं. मग पेला खाली धरून, हळू आवाजात म्हणतात की मेरिम जन्मली त्या हिवाळ्यात कालिपा आणि मी... आणि तिथे बाजूने एका बाईचा खणखणीत आवाज येतो की, बसा आता, मांस थंड होतंय. लोक पुन्हा हसतात. हे त्या बाजूला बघतात, पेला ठेवतात आणि बसतात.

तीस वर्षांत त्यांनी माझं इतक्या चटकन कधी ऐकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात काय झालं ते मला माहीत आहे, मी तिथेच होते. ते कसं सांगणार होते, तेवढं माहीत नाही. दिवसभर विचार केला आणि मग दोन प्रती काढल्या. एक याबरोबर आहे.

भाषण मध्येच तुटतं तिथे डिस्क पुसू नकोस, वेग कमी करू नकोस, पुन्हा इमेज करायलाही बसू नकोस. डिस्क चांगली आहे. तिथे मी आहे.

सहा तारखेला ये. आणि रागावून झालं की लोभ होता तिथेच ठेव.
तुझी,
कालिपावहिनी