रविवारच्या पहाऱ्याआधी लॅपटॉप सुरू करून मिळणेबाबत

दिनांक : शुक्रवार (रविवारला दोन दिवस शिल्लक असताना)

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा कक्ष, दुसरा मजला,
बंद लिफ्टसमोरची खोली.

विषय : नवा गेमिंग लॅपटॉप एकदाही सुरू न झाल्याबाबत, व त्यामुळे अर्जदाराची किल्ल्यावरील जागा जाण्याची वेळ आल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाशी फोनवर झालेली आठ संभाषणे.
२) आपल्या तंत्रज्ञाने काल घरी येऊन दिलेला तोंडी अभिप्राय, जो लिहून देण्यास त्याने हसून नकार दिला.

महोदय किंवा महोदया (दारावरची पाटी खोक्यांच्या थप्पीमागे गेल्याने नक्की कळू शकले नाही),

अर्जदार हा एका मोठ्या कार्यालयाच्या भांडार शाखेतून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेला गृहस्थ आहे. कार्यालयातील प्रत्येक खुर्ची, कपाट, पंखा व घंटा यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घालणे आणि तो जडवस्तू नोंदवहीत चढवणे, हे त्याचे काम होते. त्याच्या काळात एक साहेब तीन आठवडे सापडत नव्हते, परंतु त्यांची खुर्ची जागेवर होती. एवढी ओळख पुढील मजकुरासाठी पुरेशी व्हावी.

१. अर्जदाराची नात पाचवीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती आईवडिलांबरोबर दुसऱ्या शहरी राहायला गेली. फोनवर ती अर्जदाराशी तीनच वाक्ये बोलते : 'हं', 'बरी आहे' आणि 'बाबांना देऊ?' मात्र दर रविवारी पाच वाजता संगणकावरील एका खेळात ती चार जणांच्या तुकडीची सेनापती असते व तेथे ती सलग दोन तास बोलते. तुकडीने किल्ला राखायचा असतो. उत्तर दरवाजा अर्जदाराकडे आहे. अर्जदाराचा जुना संगणक फार सावकाश चाले. 'आजोबा, तुम्ही पोचेपर्यंत किल्ला पडून, बांधून, परत पडलेला असतो,' असा शेरा सेनापतींनी मारल्यावर अर्जदाराने गेमिंग लॅपटॉप घेण्याचे ठरवले. नवा घरात येताच जुना नियमानुसार निर्लेखित करून भंगारात देण्यात आला. ही घाई झाली, असे पत्नीचे मत त्याच दिवशी पडले होते. ते तेव्हा नोंदवले गेले नाही.

२. नव्या लॅपटॉपचे बटण दाबले असता एक लाल दिवा लागला, पोटातून खरखर आली आणि पडदा काळा तो काळाच राहिला. आपल्या कक्षातील ताईंनी पहिल्या फोनला 'एकदा बंद करून परत सुरू करा' असे सुचवले. जे सुरूच झाले नाही ते बंद कसे करावे, अशी पृच्छा केली असता 'एक मिनिट हं सर' म्हणून त्यांनी संगीत लावले. ते संगीत अर्जदाराची पत्नी आता भाजी निवडताना गुणगुणते. दुसऱ्या फोनला बटण तीस सेकंद दाबून धरण्यास सांगण्यात आले. पत्नी निवृत्त परिचारिका असल्याने तिने घड्याळ लावून तीस मोजले व 'नाडी लागत नाही' असे सवयीने जाहीर केले. त्यानंतर चार्जर काढून पाहिला, लावून पाहिला, दुसऱ्या भिंतीच्या प्लगला लावून पाहिला. सहाव्या फोनला वायरने टीव्ही जोडला, तेव्हा टीव्हीवर 'सिग्नल नाही' असे आले. या प्रकरणात अर्जदारास मिळालेला तो एकमेव लेखी खुलासा होय. सातव्या फोनला ताई म्हणाल्या, 'काका, स्क्रीनवर एरर काय दिसतोय?' अर्जदाराने 'काळा' असे उत्तर दिले. आठव्या फोनला त्यांनी यंत्राच्या पाठीवरचा अनुक्रमांक विचारला, आणि येथून प्रकरणाला गंभीर वळण लागले.

३. कारण तो अनुक्रमांक दिसत नाही. त्यावर अर्जदाराने आपला क्रमांक घातलेला आहे. नोंद झाल्याखेरीज कोणतीही वस्तू वापरात घेऊ नये, हा नियम अर्जदाराने घरीही पाळला आहे. कुकर सतरा नंबरचा आहे, सोफा चाळीस. ('माझ्या पाठीवर अजून नंबर घातला नाहीत, हे तुमचे उपकारच,' असे पत्नी पाहुण्यांदेखत म्हणते.) तेव्हा लॅपटॉप खोक्यातून काढून, पालथा घालून, बटण दाबण्यापूर्वीच रीतसर रंगवण्यात आला. पाठीवर काही बारीक फटी होत्या. त्या शोभेच्या असाव्यात, असा अर्जदाराचा समज झाला.

४. काल आपल्या तंत्रज्ञाने स्क्रू काढून आत टॉर्च मारला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'काका, याला रंग कोणी पाजला?' फटींतून उतरलेला ऑइलपेंट आतल्या पंख्यावर वाळून बसला होता. पंखा फिरत नाही, म्हणून यंत्र सुरू होण्यास नकार देते, असे त्याने समजावले. यंत्राचा हा स्वभाव अर्जदारास मान्य आहे. त्याच्या कार्यालयातही पंखा बंद असता कोणी काम सुरू करीत नसे.

५. हे नुकसान ग्राहकाच्या हातून झाल्याने कंपनी जबाबदार नाही, असे तंत्रज्ञ म्हणाला. त्यावर अर्जदाराने मुद्दा काढला की, रंगापूर्वी यंत्र सुरूच केलेले नसल्याने ते चालत होते असे कोणीही म्हणू शकत नाही. 'मग बंद होतं असं तरी कोण म्हणणार, काका?' असे तंत्रज्ञाने विचारले. 'चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला पुरून उरलं,' असे म्हणून पत्नीने त्याला बसायला सोफा नंबर चाळीस दिला. सबब, चूक अर्जदाराची आहे. सेवाकाळात त्याने असे वाक्य लिहिलेले नाही. तरी ते येथे लिहिले आहे, यावरून निकड लक्षात यावी.

६. निकड अशी. नवा पंखा यायला आठ ते दहा दिवस लागतील, असे सांगण्यात आले आहे. रविवारी मोठी लढाई आहे. बुधवारी नातीचा स्वतःहून फोन आला. 'आजोबा, उत्तर दरवाजा रिकामा नाही ठेवता येत. तुम्ही नसाल तर मी त्या आजोबांना घेते.' ते आजोबा म्हणजे अर्जदाराचे व्याही. ते निवृत्त क्रीडाशिक्षक असून नातीच्याच शहरात राहतात, तिला रोज शाळेतून आणतात आणि शिट्टी बाळगतात. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. गृहस्थ उमदे आहेत, हीच अडचण आहे. त्यांच्याकडे आठवड्याचे सहा दिवस आहेत. अर्जदाराकडे दोन तास आहेत. शिवाय तात्पुरता म्हणून दिलेला टेबलफॅन कोणत्याही शाखेतून परत आल्याचे अर्जदाराने कधी पाहिलेले नाही. दरवाज्याचेही तेच होईल.

तरी विनंती की,

(अ) उद्या, शनिवारी, लॅपटॉपला पंखा बसवून मिळावा. आपल्या मजल्यावर काचेच्या कपाटात असाच एक लॅपटॉप मांडलेला आहे. तो दिवसभर नुसता रंगीत उजेड पाडतो. त्याचा पंखा तूर्त काढल्यास कोणाचे काही अडणार नाही.

(आ) पंखा काढणे शक्य नसल्यास तो लॅपटॉपच रविवारी चार ते आठ या वेळेत वापरण्यास द्यावा. त्यावर क्रमांक घातला जाणार नाही.

(इ) हेही शक्य नसल्यास, आपण स्वतः रविवारी पाच वाजता कोणत्याही चालू यंत्रावरून अर्जदाराच्या जागी उत्तर दरवाज्यावर बसावे. काम अवघड नाही. सेनापती 'बंद!' म्हणाल्या की दरवाजा लावायचा. शत्रू पळाला तरी मागे धावायचे नाही. दोन हल्ल्यांच्या मध्ये ती वर्गातल्या भांडणाबद्दल, हलणाऱ्या दाताबद्दल आणि आईला सांगू नका अशा दोनतीन गोष्टींबद्दल बोलेल. उपदेश करू नये. अधूनमधून 'मग?' एवढेच म्हणावे. अर्जदाराचे तेथील मुख्य काम तेच आहे. 'आजोबा, तुम्हीच ना?' असे तिने विचारल्यास खोटे सांगू नये. 'आजोबांनी जागा धरायला पाठवलंय,' इतके सांगावे.

आपल्या उत्तराकडे आणि घड्याळाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
अर्जदार

सोबत :
१) खरेदीच्या पावतीची प्रत.
२) क्रमांक न घालण्याचे हमीपत्र. साक्षीदार म्हणून पत्नीची सही (तिने ती दोनदा केली आहे).
३) उत्तर दरवाज्यावर बसण्याचे अधिकारपत्र. नावाची जागा रिकामी सोडली आहे. व्याही वगळता कोणाचेही नाव चालेल.